जुने कपडे इथे टाका

३ नोव्हेंबर

डबा आला! पत्र्याचा, हिरवा, माझ्या छातीएवढा. दारातच ठेवला, तर गिऱ्हाइकाला आता तिरकं होऊन दुकानात शिरावं लागतं. ज्या कंपनीचे कपडे मी मेहकरात विकतो, तिनंच पाठवला. नवा नियम येणार म्हणतात — ज्यांनी कपडे विकले त्यांनीच जुने परत गोळा करायचे. आतापासून सवय करा, असा फोन आला. बरं. करतो.

महामायाला हसू आवरेना. "जुना कपडा कोन देईन हो? लोक त्याची गोधडी शिवतेत!" हसता हसता पोट धरून खाली बसली. बायको पोटातलं दुखणं असं हसण्यावारी नेते, त्याचाच राग येतो.

५ नोव्हेंबर

डब्यात काही नाही. कुणीतरी पान खाऊन थुंकलंय तेवढं.

९ नोव्हेंबर

अकोल्याला महामायाचे रिपोर्ट दाखवले. मी आणि मेहुणा धम्मरत्न, दोघंच आत. डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं काही उरलं नाही, घरी न्या, जपा.

महामाया बाहेर बाकावर शेंगा फोडत बसली होती. "काय म्हने डॉक्टर?" म्हटलं, पित्त आहे. धम्मरत्न तिच्याकडे न बघता पुढे निघून गेला. नंतर मला बाजूला घेऊन — "ताईले सांगू नका भाऊजी. थे हाय खाईन." नाही सांगणार. कोणत्या तोंडानं सांगू?

१४ नोव्हेंबर

पहिले कपडे आले! जानेफळचे पुंजाजी पिशवी घेऊन आले. एक धोतर, सदरे, स्वेटर. "भावाचे हायेत. दहावा झाला काल. गेलेल्याचे कपडे घरात ठेवत नाईत ना. नाल्यात सोडन्यापरीस तुमच्या डब्यात बरे."

ठेवून घेतले.

२२ नोव्हेंबर

पुंजाजींनी गावभर सांगितलेलं दिसतंय. आता पार बीबी गावाहून लोक येतात. सगळे कपडे गेलेल्या माणसांचेच. आज एक टोपडं आलं. कंपनीच्या अ‍ॅपात कारण निवडावं लागतं — लहान झाला, फाटला, आवडेनासा झाला. माणूस गेलं, असं कारण त्यात नाही. मी 'लहान झाला' दाबलं.

कंपनीची पुण्याची मुलगी फोनवर खूश. "सर, सगळ्यात छान कलेक्शन तुमचं आहे!" फोन ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन खूप रडलो.

२७ नोव्हेंबर

महामाया हट्टानं दुकानात आली. एक बाई सुनेच्या साड्या डब्यात टाकताना कोसळलीच. महामायानं तिला पाणी दिलं, जवळ बसवलं, सगळं विचारून घेतलं. मी आपला उगाच शर्टांच्या घड्या करत राहिलो.

घरी येताना ऑटोत म्हणाली, "मले बरं वाटून राह्यलं आता. तुमीच काऊन वाळून राह्यले? जेवत जा नं." बरं वाटतंय म्हणाली! वेड्यासारखी आशा वाटली.

४ डिसेंबर

कंपनीची गाडी येणार म्हणून डबा उघडला. सगळ्यात वर महामायाच्या साड्या. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या. लग्नातलीसुद्धा. मी बँकेत गेलो होतो तेव्हा येऊन टाकून गेली.

विहारात नेसायची पांढरी तेवढी तिनं घरी ठेवली आहे.