मागून आलेला आवाज

मंगळवार, क्रॉयडन

विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी तपासणं ही माझी नोकरी. त्यात मराठीची गरज कधी पडली नव्हती. आज पडली, आणि वाटतंय, येत नसती तर बरं झालं असतं.

लीड्सच्या एका काकूंची केस. काका हार्ट अटॅकने गेले. आजार लपवला म्हणून कंपनीने क्लेम नाकारला. पॉलिसी फोनवर घेतलेली, ते रेकॉर्डिंग आज ऐकलं. एजंट विचारते, छातीत कधी दुखलंय का? काका ठणकावून, "नो, नेव्हर." आणि मागून काकू, "अहो, परवा दुखलं होतं ते सांगा ना." काका दबक्या आवाजात, "गॅस होता तो. गप्प बस."

गॅस! आमच्या बाबांचंही तेच. ओवा चावला की विषय संपला.

माझी टीम लीडर क्लेअर म्हणाली, "मागचं काही कळत नाही. बाईंच्या बाजूने निकाल लिही." मी मान डोलावली. का डोलावली? मला तर कळलंय. ते मागचं वाक्य फाईलमध्ये गेलं की क्लेम बुडाला.

निघता निघता काकूंचाच फोन. "रेकॉर्डिंग ऐकलंस का गं? मी मागून सांगत होते, खरं ते सांगा म्हणून. माझा आवाज आलाय ना त्यात? म्हणजे आम्ही खोटे नव्हतो, हे कळेल ना सगळ्यांना?"

"आलाय, काकू. स्पष्ट आलाय."

"बरं झालं बाई," म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

उद्या ते वाक्य मला इंग्रजीत लिहायचंय.