सातव्या गान्यातली हाक

गडचिरोली,
१२ मे २०२४

दीपाली,

जय सेवा. घरी सगळे बरे असतीन. इथी ऊन लई तापून राह्यलं. तेंदूपत्ता तोडायले जात असशीन तर डोक्शाले दुपट्टा बांधत जा.

आपल्या बँडचा अल्बम निघाला, तुले माहीतच आहे. नऊ गाने. चार स्टुडिओतले, तीन रिमिक्स, दोन स्टेजवरचे. एकाचा एकाले मेळ नाई. एका गान्यात तर बँडमधल्या नूतननं गिटारीसंग लाकूड कापाची आरा मशीन वाजवली. तुया भावाचा, कोलूचा ढोल पाच गान्यात आहे. थो असता तर म्हनला असता, हा अल्बम होय का भंगारचं दुकान.

परवा तुया फोन आला. तू म्हनली, धानोऱ्याकडच्या लग्नात डीजेवाले सातवं गानं लावतेत, आन् थे ऐकलं का तुयी माय उठून दारात जाते. कोलूसाठी भात वाढून ठेवते, स्वतः जेवत नाई. गान्यातला आवाज मायचा काऊन वाटते, असं तू विचारलं. मी म्हनलो, कोनत्या तरी कार्यक्रमातला असन. झूठ बोललो.

थो आवाज मायचाच होय. कोलू मलेरियानं गेला, त्याले माती देल्यावर माय गात रडत होती, तवा माया खिशात मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू होतं. बँडवाल्याइले सांगतलं का मायले विचारून घेतलं. कोनालेच विचारलं नव्हतं.

मले गोंडी येत नाई. पन "कोलू" तर समजते. तिची तेवढी हाक कापली, खाली बेस टाकला आन् चौसष्ट वेळा फिरवली. नाचायले मस्त झाली, असं मीच म्हनलो.

आनखी एक. रेकॉर्डिंगमध्ये हाकेच्या मागंच तुया आवाज आहे. तू माया कानाशी सांगून राह्यली, "ही हाक एकदाच देतेत. दुसऱ्यांदा देली तर गेलेला वापस फिरते." साफ ऐकू येते. ठेक्यात आडवं येत होतं म्हनून मी थे काढून टाकलं.

म्हनजे मले माहीत होतं.

नेटवरून गानं काढलं. पेनड्राइव्हमधून कसं काढू? गावोगाव गेलं. मायले एवढंच सांग का दुसऱ्यांदा हाक तिनं नाई देली, मी देली. शुक्रवारी येतो. दारात उभं नाई केलं तरी मी बाहेर बसतो. तवापर्यंत तिले दोन घास खाऊ घाल.

तू मले भाऊ मानलं, म्हनून आतापर्यंत चिठ्ठीच्या खाली "तुया दादा" लिहत होतो. आज थे लिहाले हात होत नाई.

अश्वजित