अकरा सेकंदांचा पूर्वपक्ष

श्रावण शु. ३, मंगळवार. कवठे महांकाळ.
श्रीशारदेची कृपा असो, आणि विषय अप्रिय असला तरी माझ्या शब्दांत द्वेष न उतरो.
सकाळी नात वैदेहीने मोबाइल पुढे धरला. पडद्यावर मीच. महादेवाच्या देवळातील शनिवारचे प्रवचन, त्यातील केवळ अकरा सेकंद: ‘मूर्ती म्हणजे दगड. दगडावर दूध ओतणारा स्वतःलाच फसवतो.’ पुढे पाऊण तास हेच मत मी खोडून काढले, तो सारा भाग कुणी कापून टाकला आहे. वर ठळक अक्षरांत, ‘शास्त्रीबुवांनी देवाला दगड म्हटले’. हा तुकडा गावोगाव फिरतो आहे.
आमची रीतच अशी. प्रथम पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे मत. तेही त्याला स्वतःला मांडता येणार नाही इतक्या बळाने. नंतर उत्तर. वैदेही नेहमी अख्खे प्रवचन चित्रित करून आंतरजालावर ठेवते. ‘आजोबा, पूर्वपक्ष चालू असताना खाली तसे लिहू का?’ असे तिने मागेच विचारले होते. मी नको म्हटले. श्रोत्यांना बाळ समजू नये. अजूनही तेच म्हणेन.

श्रावण शु. ५, गुरुवार.
देवस्थानचे अध्यक्ष दादासाहेब आले. चहाला हात लावला नाही.
“आवं शास्त्रीबुवा, देवळात बसून देवाला दगड म्हणायचं व्हय?”
“तुम्ही तर पुढेच बसला होता.”
“व्हतो की. पण मधी डोळा लागला. जागा झालो तवा आरती चालली व्हती.”
त्यांचे म्हणणे, पोलिसांकडे अर्ज द्यायचा, तुकडा काढवून घ्यायचा. तोवर एकादशीचे प्रवचन नाही. चाळीस वर्षांत ते एकदाही चुकलेले नाही.
अर्ज लिहिला. त्यात मला गैर वाटत नाही. बाजारात खोटे माप ठेवणाऱ्यास शासन दंड करते. मग माणसाचे अर्धे वाक्य विकणाऱ्यास का करू नये? दंड धरणे हा राजधर्मच.

श्रावण शु. ६, शुक्रवार.
वैदेही सांगलीस कायदा शिकते. अर्ज वाचून तिने बाजूला ठेवला. म्हणाली, “अर्धे कुठले नि पुरते कुठले, हे कोण ठरवणार? ज्याच्या हाती दंड, तोच ना? उद्या त्याला तुमचे उत्तर आवडले नाही तर?” मग माझी बाजूही तिने माझ्याहून नीट मांडली, आणि त्यानंतर तीही खोडली. मी हरलो. मनात म्हटले, विद्या घरात राहिली. किती वर्षांत इतका आनंद नव्हता.
अर्जावर सही मात्र केली नाही. अर्ज नको असेही म्हणालो नाही.

श्रावण शु. ९, सोमवार.
एस.टी.ने सांगलीस. तेथील पोलीस अधिकारी तरुण बाई, अतिशय आदबशीर. बसायला खुर्ची दिली, दोन्ही चित्रफिती पाहिल्या.
“आजोबा, वाक्य तेच आहे. तुमच्या अख्ख्या प्रवचनातही आहे. काढा म्हणून कंपनीला लिहायचे तर दोन्हींसाठी लिहावे लागेल. चालेल?”
“त्यात उत्तर आहे, बाई.”
“मला कळते हो. पण वरचे लोक वाक्य बघतात.”
अर्ज घडी करून परत खिशात.

श्रावण शु. १०, मंगळवार.
बिरा धनगर दारात. मेंढरे आटपाडीकडे, हा मुद्दाम आलेला.
“शास्त्रीबुवा, अख्खं ऐकलं, दोनदा. माळावर दुसरं काय काम? पैल्यांदा वाटलं, म्हातारं बिघडलं. मग असं उलटं फिरवलंसा, लय हसलो. ते अख्खं काढणार हाय म्हणं?”
“बघतो.”
“काढू नगा. आमच्या वाड्यावरची समदी ऐकत्यात.”
माझे उत्तर इतक्या दूर गेले असेल याची कल्पना नव्हती.

श्रावण शु. ११, बुधवार. एकादशी.
सकाळी दादासाहेबांना स्पष्ट सांगितले, अर्ज देणार नाही. तुकडा काढला तर त्यासोबत अख्खेही जाईल. त्यांनी ऐकून घेतले. मग, “बसा प्रवचनाला. पण आज मी डोळा लागू देत न्हाई. बगतो काय बोलताय.”
विषय घेतला: आंतरजालावर शासनाचा दंड असावा काय? ‘असावा’ हा पूर्वपक्ष. त्यात माझे स्वतःचे दुःख होते, म्हणून फार बळ आले. सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. माना डोलत होत्या. थांबलो, पाणी प्यालो.
दादासाहेब टक्क जागे. “आता खोडा की!”
वैदेहीची बाजू मांडली. तीही भक्कम उभी राहिली. पण पहिली पडेना. दोन्ही बाजू समोर, आणि सिद्धान्त मजजवळ नाही. चाळीस वर्षांत प्रथमच. तसेच सांगितले. कुणी उठले नाही; उलट आपसांत वाद सुरू झाला, देवळातच, मोठमोठ्याने. आरतीला उशीर झाला. माझ्या श्रोत्यांचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.
तो तुकडा अजून फिरतोच आहे. आजचाही कुणी कापेल. अर्ज फाडलेला नाही.
हे जो कोणी वाचेल, त्याला समोरच्याचे शेवटपर्यंत ऐकण्याचा धीर लाभो, आणि त्याचेही म्हणणे कुणी शेवटपर्यंत ऐकून घेवो. सर्वांचे कल्याण असो.