केंद्राची कोरी आत्या

४ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

निवड झाली! विद्यापीठाच्या इंटरनेट संशोधन केंद्रात कालपासून विद्यार्थी प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाले, आणि तेही पगारी. सध्या तीन महिन्यांचं काम आहे. पसंत पडले तर वर्षभर ठेवतील. वर्षभर ठेवलं तर शेवटच्या वर्षाची फी निघते. नाहीतर शिक्षण सोडून तुझ्याकडे यायचं आणि तुझ्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांना काजं करत बसायचं. माझी काजं कशी असतात ते तुला माहीत आहे.

काम काय, तर काचेपलीकडे एक माणूस इंटरनेट बघत बसतो आणि अलीकडे बसून मी त्याचे उसासे लिहिते. उसासा लहान, मोठा की नुसतंच ‘हं’, असे तीन रकाने आहेत. जांभयांचा विभाग वरच्या मजल्यावर आहे आणि त्यांचं आमच्याशी पटत नाही. काल एका गृहस्थानं उसासा टाकता टाकता जांभई दिली, तर ती कोणाची यावरून दोन्ही विभागप्रमुख जिन्यात भांडले.

फोनचं विसरले नाही. पहिलं विद्यावेतन हातात पडलं की तुला फोन, म्हणजे रोज संध्याकाळी माझं तोंड बघता येईल. तोवर अक्षरावर भागव.

लोभ आहेच, त्यात काटछाट नसावी.
तुझी,
भिंगरी

१३ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. उसाशांचे पैसे मिळतात हे आधी कळतं, तर तुझ्या आत्योबांच्या जन्मभराच्या उसाशांवर मी बंगला बांधला असता.

इकडे शिवणकाम ठीक चाललं आहे. बायका कपडे टाकायला येतात, घटकाभर बसतात, पण बोलणं कमीच. डोकं मांडीवरच्या फोनमध्ये. मापं घेताना हात वर करा म्हटलं तर फोनसकट वर करतात. तू गेल्यापासून घर खायला उठतं, तेव्हा फोनचं तेवढं लवकर बघ. मला त्यात दुसरं काही बघायचं नाही, तुझं तोंड बघायचं आहे. जेवणाची हयगय करू नकोस.

माया आहे तशीच आहे, पत्राला वेळ लावू नये.
तुझी,
आत्या

५ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

एक गंमत झाली आणि ती अंगाशी आली. केंद्राला तुलनेसाठी असा माणूस हवा होता, ज्यानं इंटरनेटला कधी हातच लावलेला नाही. अशा माणसाला इथे ‘कोरी व्यक्ती’ म्हणतात. बरीच वर्षं शोध चालू होता. मध्यंतरी डोंगरातला एक मेंढपाळ मिळाला होता, पण त्याच्या मेंढ्यांनाच हजारो चाहते निघाले. परवा चहा पिताना मी सहज बोलून गेले की माझी आत्या तशीच आहे. संचालकबाईंच्या हातातला कप निसटला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणत त्यांनी मला जवळजवळ मिठीच मारली.

तू आता केंद्राची कोरी व्यक्ती आहेस. तू वर्षभर कोरी राहिलीस तर मला वर्षभर ठेवणार, असं त्यांनी लेखी दिलं आहे. म्हणजे फोन आता वर्षभर नाही, आत्या. फार वाईट वाटतंय. तुझ्या कोरेपणावर लक्ष ठेवायला एक निरीक्षक येतील, त्यांना बसायला खुर्ची दे.

राग असला तरी लोभही असू दे.
तुझी,
भिंगरी

२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

फोनचं मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या शिक्षणापुढे माझं बघणं ते काय मोठं.

निरीक्षक आले. पूर्वी ते मैदानावर पंच होते, त्यामुळे शिट्टी गळ्यातच असते. मी त्यांना शिट्टीमास्तर म्हणते. इंटरनेटवरून कळलेली गोष्ट कोणी माझ्यासमोर काढली की शिट्टी. दूधवाला म्हणाला उद्या पाऊस, शिट्टी. शेजारीण पाठदुखीवरचा उपाय सांगू लागली, शिट्टी. पलीकडच्या शिक्षिकाबाई नातवंड झाल्याचं सांगत धावत आल्या, पण बातमी फोनवरच्या फोटोतून कळलेली, म्हणून अर्ध्यातच शिट्टी. मुलगा की मुलगी ते मला अजून माहीत नाही आणि मी झबलं शिवायला घेतलं आहे.

आता लोक दारातूनच कपडे टाकतात आणि पाठ फिरवतात. त्यांचा तरी काय दोष? बोलायला दुसरं काही उरलेलं नाही. शिट्टीमास्तरही बोलत नाहीत, कारण एकदा गप्पा मारता मारता त्यांना स्वतःवरच शिट्टी वाजवावी लागली. दिवसभर फक्त मशीनचा आवाज. तुझ्यावर राग नाही, पण फार एकटं वाटतं ग. तुझी पत्रं येतात म्हणून निभतंय.

माया पातळ होऊ देऊ नये.
तुझी,
आत्या

१७ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

केंद्रानं काल ठरवलं की मी दिवसभर इंटरनेटशेजारी बसते, म्हणून माझी पत्रंही दूषित. यापुढे तुला लिहायचं नाही. हे पत्र चोरून टाकते आहे.

तुझं पत्र वाचून मला रडू आलं. तुला माणसांतून उठवून मला कसली पदवी मिळणार? आजच फोन घेतला आणि पार्सल केला. खोका उघडलास की तुझं कोरेपण संपलं आणि माझी नोकरीही. काजं करीन. उसवलेलं पुन्हा शिवता येतं असं तूच म्हणतेस. उघड आणि मला बघ.

लोभाचं आता तूच बघ.
तुझी,
भिंगरी

२७ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अगं, थोडा धीर धरायचास. माझ्या मागच्या पत्रानंतर इथे उलटंच झालं. दूधवाला पुन्हा आला. शिट्टीमास्तरांकडे बघत त्यानं दारात उभं राहून स्वतःच आभाळ न्याहाळलं आणि ऊन पडेल असं सांगितलं. शिट्टी वाजली नाही. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली भिजली आणि त्याच्याशी भांडायला माझ्याकडेच जमली. तेव्हापासून रोज गर्दी. फोन बाहेर बटणांच्या डब्यात ठेवायचे आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलंच सांगायचं. शिट्टी वाजली की तो बाद. शिक्षिकाबाईंची लेक बाळाला घेऊन स्वतः दाखवायला आली. मुलगी आहे, नाक आजीचं.

तुझं पार्सल आलं तेव्हा संचालकबाई तपासणीला आल्या होत्या. शिट्टीमास्तरांनी इतकी वाजवली की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी कात्री उचलली. आत तुझं तोंड होतं, खोटं कशाला सांगू, कात्री चिकटपट्टीला लावलीही होती. पण तुझं वर्ष डोळ्यांपुढे आलं आणि कात्री खाली ठेवली. मशीनचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली तो खोका बरोबर बसला.

तरी बाईंनी कपाळाला हात लावला. तुलनेला कोरी आत्या आणि न कोरी गल्ली हवी होती, पण गल्लीच कोरी होत चालली आहे. याला त्या कोरेपणाची लागण म्हणतात. लागण कुठवर पसरते हे पाहायला इथे वर्षभर कोणीतरी बसलं पाहिजे, प्रशिक्षणार्थी असला तरी चालेल, विद्यावेतन तेच. मी म्हटलं, एक आहे माझ्या ओळखीची, दूषित आहे, पण फोन डब्यात टाकून बसेल. हे काम तुझ्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प धरतील, परीक्षेपुरतं तिकडे जायचं. मग बाई चहाला थांबल्या, चारदा बाद झाल्या आणि ब्लाउजचं माप देऊन गेल्या.

शिट्टीमास्तर परवा निघतात. शिट्टी माझ्याकडे ठेवून जाणार आहेत, तेव्हा जपून बोल. येताना तुझे ते उसाशांचे कागद आण, माझेही मोजायचे आहेत म्हणे. पण आधीच सांगते, तू समोर बसलीस की ते रकाने कोरेच राहतील.

लोभ घेऊन ये, इथला पुरून उरेल.
तुझी,
आत्या