राजाच्या खोलीचा नारिंगी रंग

ता. २० ऑक्टोबर १९३४
सौ. राजाला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. यकृताला सूज आहे म्हणाले. घाबरू नका, पण दोन गोष्टी नीट ऐका. एक, हिला वळसंगला माहेरी धाडा, पूर्ण विश्रांती पाहिजे. दोन, रोज उजेडात हिचे डोळे आणि नखं बघत जा. पिवळी वाटली की त्याच दिवशी घेऊन या, उशीर केलात तर माझ्या हातात काही राहणार नाही.
बघायचं काम माझ्याकडे आलं हे उत्तम झालं. नवी पेठेत लुगडी दाखवण्यात जन्म गेला. डाळिंबी कुठला, किरमिजी कुठला, हे मी रस्त्यावरून सांगतो. रंग ओळखायला मला डॉक्टर कशाला शिकवतोय?
माहेरचं मात्र दिवाळीनंतर. दुकानाचा ऐन सीझन आहे. दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला घरचं गरम जेवण नको? शिवाय राजाला तिकडं करमणार नाही. विचारलं नाही, पण मी ओळखतो.

ता. २२
मुंबईहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यात एका इंग्रजी मासिकाचं पान आलं. विलायतेत म्हणे घरातल्या भिंतींना नारिंगी रंग देतात. ऊबदार रंग. त्यानं मन प्रसन्न होतं, रक्त खेळतं. पुढचं पान फाटलेलं होतं, पण मुद्दा कळला.
आमची खोली पांढरी, त्यात निळीची झाक. तिथं तालमीतला पैलवान निजवला तरी दुखणाईत दिसेल. राजाचं अर्धं दुखणं भिंतींचंच आहे.
निश्चय: खोली नारिंगी करायची. स्वतःच्या हातानं. सायंटिफिक.

ता. २५
चुन्यात गेरू आणि पिवडी कालवली, डिंक घातला. राजाची खाट स्वयंपाकघरात. ती तिथूनच पडल्या पडल्या भाकरीचं सांगत होती, शेजारच्या पार्वतम्मांनी थापल्या. पहिला हात दिला. वाळल्यावर वीटभट्टी. पिवडी कमी पडली.
पार्वतम्मांचे यजमान गुरुसिद्धप्पा, आमचे घरमालक, बघायला आले. दारात चपला काढल्या, हात जोडले आणि विचारलं, मठ करतायसा व्हय? स्वामी कुटले येनार हायत? कावी रंग म्हणजे मठ, एवढंच त्यांना ठाऊक. मी वाद घातला नाही.
डोळे बघायचे राहिले. हात चुन्याचे होते.

ता. २८
दुसरा हात. आता जमला. पिकल्या नारिंगासारखा. खाट आत आणली आणि पहिल्याच मिनिटाला रिझल्ट! राजाच्या गालांवर लाली. लग्नात होती तशी. मी तिला आरसा दाखवला. तिनं बराच वेळ बघितलं आणि आरसा परत दिला. आनंदानं बोलवत नाही कधी कधी.
नखं गुलाबी. डोळे झकास.

ता. ३१
एक अडचण. गुरुसिद्धप्पांच्या पांढऱ्या भिंतीवरून उजेड खिडकीतून आत येतो आणि इफेक्ट बिघडवतो. दुकानातून नारिंगी मलमलीचा तुकडा आणून खिडकीवर ठोकला. आता बघावं! भात केशरी, दूध केशरी, मीसुद्धा तरुण.
राजानं भात तसाच ठेवला. तोंड कडू पडलंय म्हणते. अंगही खाजतं म्हणे. चुना नवा आहे, खाजणारच. मलाही खाजलं होतं.

ता. ३ नोव्हेंबर
राजानं आज हट्ट धरला. जरा भाईर ओट्यावर बसवा, म्हणाली, तुमी नुसतं दारापातूर धरा, म्होरं मी सरकत जाते की. मी नाही म्हटलं. इतक्या दिवसांची ट्रीटमेंट एका दुपारीत वाया जायची. माझा आवाज थोडा चढला. मग तीच म्हणाली, ऱ्हाऊ द्या, रंग चांगला हाय.
फार बरं वाटलं. या घरात माझं कौतुक सहसा होत नाही.

ता. ५
डॉक्टर दुकानात आले होते, घरच्यांसाठी पातळं घ्यायला. राजाची चौकशी केली. म्हटलं, एकदम गुलाबी. म्हणाले, मग बघायला येत नाही, दिवाळीनंतर आणा. रंगाचा प्रयोग सांगणार होतो, पण गर्दी होती. नीट सवडीनं सांगू. त्यांच्याही उपयोगी पडेल.

ता. ७
दिवाळी. राजा अंघोळीला उठली नाही. पार्वतम्मांनी खाटेवरच उटणं लावून अंग पुसलं. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, पोरीला अंगात जीवच न्हाय, तिच्या आईला सांगावा धाडा. बायकांना दुखणी मोठी करून सांगायची सवय. रंगावर तर दृष्ट काढावी इतकी छान दिसत होती. सांगावा धाडू. घाई काय आहे?

ता. १०
वळसंगहून सासूबाई आल्या, निंगव्वा. सांगावा पार्वतम्मांनी परस्पर धाडला. मी जेवत होतो. सासूबाई खाटेपाशी बसल्या, लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरून इकडून तिकडून बघितलं. मग म्हणाल्या, भित लई झ्याक हाय, पर माजी पोर कशी हाय ते हितं मला कळंना. मी समजावून सांगू लागलो, पण त्यांनी आणि पार्वतम्मांनी राजाला उचलून ओट्यावर नेलं.
मीही हात धुऊन गेलो.
बाहेर दुपारचं ऊन होतं. सासूबाई यव्वा म्हणाल्या आणि लेकीचा हात उन्हात धरून बघू लागल्या. मी म्हटलं, दिवाळीचं उटणं राहिलं असेल, हळद असते त्यात. पार्वतम्मांनी पदर ओला करून राजाचा गाल पुसला. पुन्हा पुसला. पदर स्वच्छ होता.
राजानं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी तसाच डॉक्टरांकडे पळालो.

ता. ११
डॉक्टर आले. राजाला त्यांनी ओट्यावरच तपासलं. आता औषधाचं काही नाही म्हणाले. राजा वळसंग वळसंग करते. उद्या सकाळची मोटार ठरवली. तिकडची हवा चांगली आहे. महिनाभरात उभी राहील.

ता. १२
वाटेत कुंभारी गाव मागं पडलं आणि राजा गेली. डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं. पाय माझ्या मांडीवर.
काल एक लिहिलं नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, या अशा पिवळ्या कधीपासून आहेत? सासूबाई म्हणाल्या, सांगा की, तुमी तर जवळच व्हता. त्यांनी पुन्हा विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते, राजासुद्धा.
मी रोज बघत होतो. मला सांगता आलं नाही.