नदीच्या तुकड्याला सूर नाही

मंगळ., १२ जाने. १९३७
जुन्या मूकपटाला अखेर आवाज चढला! कोल्हापुरास जाऊन माझी पेटी, माझी गाणी भरून आणली. इतकी वर्षं पडद्याखाली बसून वाजवलं, आता पडद्यातच शिरलो. दिवसभर पाय जमिनीवर नाहीत.
वकील मात्र म्हणाले, हक्काचा कागद नोंदवून घ्या. आवाज तुमचा, चित्र ज्यांनी काढलं त्यांचं. ते तर वारले. त्यांच्या पत्नीची सही हवी, नाहीतर खेळ नाही.

शुक्र., १५
थेटरवाल्या अण्णांबरोबर गावातच केशवापुरास, त्या बाईंकडे. सगळे त्यांना अक्काच म्हणतात. आधी चहा, मग कानडीत चौकशी, मग मराठीत अडवणूक.
"नदीवर घागर भरणारी बाई ठेवलीत नव्हं?"
अण्णा : "तो तुकडा काढला री अक्का. पाठमोरी बाई, नुसती लांबण."
"ती मीच की हो. बायका मिळंनात, म्हणून ह्यांनी मला उभी केली. तोंड दिसू द्यायचं नाही म्हणाले."
अक्कांची अट : तुकडा परत घाला, मग सही.
नशीब, कात्रण टाकलं नव्हतं.

मंगळ., १९
तुकडा जोडला. सूर बसेना. पूर्वी तिथं रोज काहीतरी वाजवायचो, काय ते आठवत नाही. डोळे मिटले की घागर बुडताना दिसते, पेटी गप्प. इथल्या लॅमिंग्टन रोडवर एकदा सूर आल्यासारखा वाटला, घरी येईतो गेला.
अण्णा उखडले. "मास्तर, आवाज मधेच बंद पडला तर लोक खुर्च्या मोडतील री!"
वकील : सूर नसेल तर तेवढं जुनंच. त्यावर तुमचा हक्क नाही.
नसू दे. का कोण जाणे, बरं वाटलं.

रवि., २४
सकाळी अक्कांना एकट्यांना खेळ दाखवला. नदी आली, आवाज थांबला. यंत्राची घरघर तेवढी. घागर भरते, बाई आता वळणार वाटतं, तोच तुकडा संपतो.
"इथं काही वाजवू नका," अक्का म्हणाल्या. "हे मागून सारखे सांगत होते, वळू नको, वळू नको. मला ऐकू येतंय."
अण्णांनी कागद नि टाक पुढं केला. अक्कांनी टाक घेतला.
"आणि एकदा लावा."
फीत परत गुंडाळून लावली. टाक अक्कांच्या हातात तसाच. अण्णा माझ्याकडं बघत होते, आणि मी, ती या खेपेला वळते का म्हणून पडद्याकडं.