बुधरीच्या नावाची खोली

मुलचेरा,
३ डिसेंबर २०२४

इसरूभाऊस,
स्वातीबाईचा सेवा जोहार. वि. वि., तुमच्या गावात अजून टॉवर नाही, म्हणून बसच्या कंडक्टरकडे हे पत्र देते आहे.

पत्रिका मिळाली. मानवी हक्क दिनाला नव्या कुर्माघराचं, म्हणजे पाळीतल्या बायांना बसवायच्या खोलीचं उद्घाटन, नाव ‘बुधरी विश्रांतीगृह’, आणि फीत तिच्या मोठ्या बहिणीने म्हणजे मी कापायची. वाचलं तेव्हा माझ्या वसतिगृहातल्या मुली जेवत होत्या, मी ताट सरकवून उठले.

श्रावणात ती पाळीची म्हणून कुर्माघरात बसली होती, तेव्हा छपरातून साप पडला आणि तिला चावला. पाळीच्या बाईला पुरुषाने शिवायचं नाही, म्हणून नवरा असून तुम्ही कुडाबाहेर उभे राहिलात. ती आतून पाणी मागत होती. तुम्ही बाया जमायची वाट पाहिलीत. त्या आल्या तोवर ती बोलेनाशी झाली होती. तेव्हापासून मी यावर एक अक्षर लिहिलं नाही. आता त्याच रीतीला सिमेंटच्या भिंती घालून वर तिचं नाव लिहिताय, आणि त्याला हक्क म्हणताय.

पुनम मोठी होते आहे. तुमच्या लेकीला माझ्याकडे पाठवा, एवढंच मागते. धान निघालं का ते कळवा.

तुमची,
स्वाती


८ डिसेंबर

आदरणीय स्वातीबाईस,
इसरूचा सेवा जोहार. वि. वि., धान निघालं. मागच्या खेपेले ज्या कोंबड्यानं तुमाले टोचलं होतं, तो अजून जिता आहे, तुमची वाट पाहून राह्यला.

बाई, तुमी लय रागावल्या. पण इथल्या बायाइले इचारा ना. सोनीबाई म्हणते, पाच दिवस मले कोणी भात मागत नाई, तेवढाच आराम, तोबी काढून घेता काऊन? नव्या खोलीत फरशी आहे, पंखा आहे, आतून कडी आहे. साप येऊच शकत नाई. खोली बांधणाऱ्या संस्थेचे साहेब म्हणते, आधी जीव वाचवा, रीत हळूहळू बदलते.

एक सांगाचं राह्यलं. पुनमले काल पाळी आली, पहिलीच. गायत्यानं, म्हणजे आमच्या पुजाऱ्यानं, हो म्हटलं म्हणून उद्घाटनाआधीच तिले नव्या खोलीत बसवलं. भिंतीवर मायचा फोटो आहे, त्याच्याखाली झोपते. एकटी आहे म्हणून थोडी रडते. तुमी येजाच.

माया ठेवजा.
इसरू


१३ डिसेंबर

आदरणीय स्वातीबाईस,
सेवा जोहार. उद्घाटनाच्या दिवशी तुमी पुनमले घेऊन बसमध्ये बसल्या. मागं काय झालं ते तुमाले माहीत नाई.

तुमी साऱ्याइसमोर पुनमले पोटाशी धरलं, तवाच गायता म्हणे, आता बाईलेबी विटाळ. साहेबाले वाटलं, आपल्याले काय लागते. त्यानं तुमच्या हातची कैची घेतली, फीत कापली अन् टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणारा तो एकटाच. कैचीतून विटाळ त्यालेबी लागला म्हणून गाव सारं मागं सरकलं. हार कोणी घातला नाई, खुर्ची देल्ली नाई, चहाचा कप दूर जमिनीवर ठेवला. पहिले तो हसला. मंग लाल झाला. म्हणे, मी काय जनावर आहो का? आताच तर त्यानं भाषणात सांगितलं होतं, का माणसाचा मान जन्मापासून असते.

उन्हात त्याचा घसा सुकला, पाणी मागे. शेवटी मीच जाऊन त्याच्या हातात तांब्या देल्ला. गायत्यानं मले दंड ठोकला, एक कोंबडा. तोच, तुमाले टोचणारा.

बाई, मी विटाळ मोडला. पुनमची खाट घरात टाकली आहे. तिले आता पाठवा.

तुमच्या मायेतला,
इसरू


मुलचेरा,
९ जानेवारी २०२५

इसरूभाऊस,
सेवा जोहार. वि. वि., उत्तराला उशीर केला, मुद्दामच केला. कोंबड्याचं वाचून पुनम हसली, मग रडली.

त्या साहेबांना थोडा वेळ दूर उभं राहावं लागलं, तर ते जनावराचं जिणं वाटलं. गाडीत बसून ते निघून गेले. दुसऱ्या गावातल्या अशाच खोलीची पत्रिका आता मला आली आहे, पाहुणी म्हणून. कोणाचं नाव दिलंय ते न पाहता मी ती चुलीत घातली.

खाट टाकलीत, असू द्या. पुनमला परवा पाळी आली. ती माझ्याजवळच झोपते, तहान लागली की हाक मारते. शाळेत नाव घातलं आहे. ती इथेच राहील.

परका माणूस पाणी मागत होता तर तुम्ही गेलात. बरं केलंत. बुधरीनेही पाणीच मागितलं होतं.

पुनमवर लोभ असू द्यावा.
स्वाती